शिळेतली टिकटिक

४ मार्च

मामा,

नमस्कार. मामीलाही नमस्कार, पण तिचा वेगळा धरा, तुमच्यातला अर्धा काढून देऊ नका.

आधी हे सांगतो की मी टायरच्या दुकानातून निघालो. तुम्ही कपाळावर हात मारणार हे माहीत आहे. मारा, पण पुढचं वाचून मारा. टायरवाल्याशी भांडण वगैरे काही झालं नाही. एका जागी उभं राहून तेच ते गोल फिरवायचं, पायाला मुंग्या यायला लागल्या. आता जिथे लागलोय तिथेही गोलच फिरतं, पण ते आपलं आपण फिरतं. मी नुसता बघतो.

दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली आहे. उभं राहिलं की डोकं लागतं, म्हणून सगळी कामं बसून. मालकीणबाईंना एका कानाने ऐकू येत नाही आणि त्यांचा धंदा गाण्यांचा. लोक जुन्या सीड्या आणून देतात, त्यातली गाणी काढून पेनड्राइव्हवर भरून द्यायची. आता एका रेडिओ केंद्राने आख्खं कपाट पाठवायचं कबूल केलंय. अट एवढीच की गाणं जसंच्या तसं निघालं पाहिजे. खरखर नको, उडी नको, मध्येच गिळलेलं नको.

मालकीणबाईंकडे सीडी वाचायची सहा खोकी आहेत. त्यांना ड्राइव्ह म्हणतात. सगळी मोडीतल्या कॉम्प्युटरांतून उपटून आणलेली. त्यातलं कुठलं सीडीतून गाणं नीट काढतं आणि कुठलं नुसतंच गरगरतं, हे आधी तपासायचं. म्हणजे खोक्यांची परीक्षा. आणि ती घेणार कोण, तर मी. मला आठवीत नापास करणाऱ्या गुरुजींना एकदा इथे आणून बसवायला पाहिजे.

आता मुद्द्यावर येतो. परीक्षेला एकच सीडी लागते, पण तिच्या प्रती पुष्कळ लागतात. मालकीणबाई म्हणाल्या, "एकच सीडी ढिगाने कुणाच्या घरात पडलेली असणार?"

मी म्हटलं, "माझ्या मामाच्या."

पडलेली म्हणजे जपून ठेवलेली, असं लगेच सांगितलं मी त्यांना. तर तुम्ही शीळ घालून काढलेल्या सीडीच्या काही प्रती पाठवा. दिवसभर लावणार, सहाही खोक्यांत, आणि एकेक सेकंद तपासून बघणार. इतकं लक्ष देऊन तुम्हाला आजवर कुणी ऐकलं नसेल.

आईला टायरचं सांगू नका.

तुमचा
भिंगरी


१५ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचलं. गिऱ्हाईक नव्हतं, पण वाचलं. मामी म्हणाली भिंतींना काय सांगताय, तर भिंतींनाही कळू दे म्हटलं. इतकी वर्षं त्यांनी माझी शीळ ऐकली, तिला दूरदेशी मागणी आली हे कळायला नको?

दहा प्रती पाठवल्या आहेत. प्रत्येक आपापल्या कापडी कव्हरात आहे. हात धुऊन धर. मालकीणबाईंनाही धुवायला सांग. त्यांना सांग की यातली 'इस्त्री' ही धून मी इस्त्री करता करता रचली, म्हणून ती मागेपुढे जाते. 'सुईत दोरा' एका श्वासात आहे. 'गिऱ्हाईक आलं नाही' ही लांब आहे, कारण ते आलंच नाही.

शेवटची धून 'दुपार' मात्र ऐकू नका. तिथे परीक्षा थांबवा. का, ते सांगतो. तेव्हा तू लहान होतास, दुकानातल्या रिळांवरून घसरून पडत होतास.

समोरचा घड्याळवाला तुला आठवत असेल. दुपारी त्याच्याकडे कुणी नाही, माझ्याकडे कुणी नाही. तो त्याच्या दारात बसून माउथ ऑर्गन वाजवायचा, मी माझ्या दारात उभा राहून शीळ घालायचो. मध्ये रस्ता. अशी ती 'दुपार' तयार झाली. सीडी काढायची ठरली तेव्हा म्हटलं ही शेवटी घेऊ आणि दोघांनी मिळून वाजवू. एका खोलीच्या भिंतींना गाद्या लावून रेकॉर्डिंग केलं. सीड्या छापून आल्या त्यांना मी कुणाला हात लावू दिला नाही. एकेक पुसली आणि रात्रंदिवस खपून शिवलेल्या कव्हरांत घातली. वाजवली पहिल्यांदा ती थेट समारंभात, भरल्या हॉलमध्ये.

सगळं छान चाललं. आणि 'दुपार' लागली तशी शिळेच्या मागून टिक टिक टिक टिक. अगदी घड्याळ. पहिल्या रांगेतल्या बाईंनी आपलं मनगट बघितलं. मग शेजारचीने. मग सगळी रांग मनगटं बघायला लागली, आणि उशीर झाला म्हणत माणसं उठली. माझी धून संपायच्या आत हॉल रिकामा. राहिलो मी, मामी आणि झाडायला आलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी घड्याळवाल्याला म्हटलं, "रेकॉर्डिंगला खिशात घड्याळ घेऊन आलास ना?"

तो म्हणाला, "आणलं असेल तरी असं वाजणारं नाही. माझ्या हाताखालून गेलेलं घड्याळ एवढी बोंब मारत नाही."

म्हणजे चूक राहिली बाजूला, धंद्याचा तोरा बघ. शब्दाला शब्द वाढला. त्याची सीडी तेवढी कव्हरात घालायची राहिली होती; ते रिकामं कव्हर त्याने माझ्या अंगावर फेकलं आणि सीडी घेऊन रस्ता ओलांडून गेला. तेव्हापासून तो रस्ता मी ओलांडलेला नाही. पलीकडे जायचं तर कोपऱ्यापर्यंत जाऊन वळसा घालतो.

आता ऐकतो की तो दुकान बंद करून मुलीकडे राहायला चाललाय. एप्रिल संपला की. खोकी बांधायला लागलाय. बरं झालं. समोर उजेड येईल.

तुझ्या आईचा फोन आला होता. मी टायरबद्दल पुष्कळ बोललो.

तुझा
मामा

यांनी जागा सोडली नाही म्हणून कडेने लिहिते. बरं झालं म्हणतात आणि दिवसभर दारात उभे. परवा समोर बघत बघत एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत कापून ठेवला. त्याला सांगितलं नवीन पद्धत आहे. तो घालून गेला बिचारा. तू तिकडे पोटभर जेवतोस का? — मामी


२४ मार्च

मामा,

सीड्या पोहोचल्या. हात धुतले. मालकीणबाईंनी कोपरापर्यंत धुतले, त्यांना वाटलं औषधाचं काही आहे.

परीक्षेची हकीकत अशी. सहाही खोक्यांना मी नावं ठेवलीत, नाहीतर ओळखायची कशी. एक लाजरा. त्याचा ट्रे बाहेर येतो, सीडी ठेवायला हात पुढे केला की आत पळतो. एक हावरट. तो सीडी घेतो आणि परत देत नाही, त्याच्या पुढच्या बारीक भोकात टाचणी खुपसावी लागते. दोन जुळे आहेत, एकाच कंपनीचे, एकाच दिवशी जन्मलेले, पण एकाने सांगितलेलं दुसऱ्याला पटत नाही. पाचवा म्हातारा. कण्हतो, एकेक गाण्याला जेवणाएवढा वेळ घेतो, मध्ये थांबून पुन्हा मागे जाऊन वाचतो. सहावा थापाड्या. त्याला जिथे वाचता येत नाही तिथे तो मागचंपुढचं बघून मनानेच काहीतरी भरतो आणि वर सांगतो, सगळं ठीक. मी शाळेत हेच करत होतो, म्हणून तो मला आवडतो. मालकीणबाईंना नाही आवडत.

पद्धत सोपी आहे. एकच धून एका खोक्यातून दोनदा काढायची, मग दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून. मग कॉम्प्युटर त्या एकमेकांवर ठेवून बघतो, तुम्ही दोन बाह्या एकीवर एक ठेवून बघता ना तसं. तंतोतंत जुळल्या की खोकं पास. जिथे वाचता आलं नाही तिथे पडद्यावर लाल रेघ येते. पुढे अवघड पेपर म्हणून मालकीणबाई भांड्यांची घासणी घेऊन तुमच्या सीडीवर चाल करून आल्या होत्या. मी हात धरला. घासणी अजून कोरडी आहे, काळजी नसावी.

शिळेचा इथे परिणाम झालाय. पलीकडच्या न्हाव्याचा कुत्रा 'सुईत दोरा' लागली की येऊन दारात बसतो आणि संपली की आपल्याकडे असा बघतो, जसं त्याला बोलावून आपणच विसरलो. वरच्या मजल्यावरच्या बाई झाडू घेऊन खाली आल्या. म्हणाल्या, "माझी मुलगी जिन्यावरून गेली की शीळ वाजते. कोण तो?"

मी म्हटलं, "माझे मामा."

"कुठे आहेत?"

मी खोक्याकडे बोट दाखवलं. त्यांनी वाकून आत बघितलं. आता त्या रोज येऊन 'इस्त्री' लावायला सांगतात. झाडू आणतात, पण सवयीने.

आता एक गोष्ट आहे, ती रागावू नका. तुम्ही सांगूनही 'दुपार' लावली. परीक्षा अर्धी कशी सोडणार? टिकटिक आहे. दहाही सीड्यांवर आहे. पण म्हाताऱ्याने तिथे लाल रेघा ओढल्यात, आणि मालकीणबाई त्या रेघांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुझ्या मामाच्या मागे घड्याळ वाजत असतं तर ते शिळेसारखंच सीडीत उतरलं असतं. खोक्याला काय, शीळ काय नि घड्याळ काय, ते मुकाट्याने वाचून दाखवतं. इथे खोकं म्हणतंय की मला वाचताच येत नाहीये. म्हणजे हा आवाज सीडीत नाही. सीडीला काहीतरी झालंय."

थापाड्याने तर ती जागा गुळगुळीत करून दिली. त्यात टिकटिक नाहीच, पण माउथ ऑर्गनही धड नाही, भिजल्यासारखा वाटतो.

मामा, खात्री आहे ना, घड्याळच होतं म्हणून? मालकीणबाई विचारतात की या दहाही एकाच घरात राहिल्या. दुसऱ्या घरात राहिलेली एखादी मिळेल का? मग लगेच कळेल.

बंदरावर माल मोजायचं एक काम निघालंय, मोकळ्या हवेत. पण एवढं होईपर्यंत इथेच आहे.

तुमचा
भिंगरी


२ एप्रिल

भिंगरी,

पत्र पोहोचलं. हे मोठ्याने वाचलं नाही.

ज्या बाईंना एका कानाने ऐकू येत नाही त्या मला सांगणार, घड्याळ नव्हतं? भरला हॉल मनगटं बघत होता. काय सगळ्यांना एकदम खाज सुटली होती? तुझा तो म्हातारा डोळ्याने अधू आहे, त्याला दिसत नसेल. त्यापेक्षा तो थापाड्या शहाणा. पण तूच सांगतोस की तो खोटं बोलतो, आणि खोटं बोलून तो घड्याळवाल्याचंच घड्याळ लपवतोय. मला तर आता खोक्यांचाही भरवसा राहिला नाही.

सीडीला काय होणार? तुला माहीत आहे का मी ती कशी ठेवली आहे? कव्हराला आतून मखमल. चार बाजूंना दुहेरी शिलाई. बटण वरून दिसतच नाही. पट्टीच्या आत, तोंडाशी, लपवून लावलंय, म्हणजे बाहेरून अंग कसं साफ. दुसऱ्या कुठल्या शिंप्याने असं करून दाखवावं. घट्ट बसतं, सीडी जागची हलत नाही. लोक पोरं जपत नाहीत अशी मी ती जपली, आणि तू लिहितोस काहीतरी झालंय.

आणि दुसऱ्या घरातली सीडी म्हणून तू जे विचारलंस त्यात खवचटपणा आहे का, ते स्पष्ट लिही. लोकांनी नेल्या होत्या. ऐकून झाल्यावर आदराने परत आणून दिल्या. कव्हरासकट. बाहेर एकही नाही.

त्या माणसाने आज खिडकीतली मोठी घड्याळं उतरवली. भिंत अगदी उघडी दिसते. मला काय त्याचं.

मामा

कुत्र्याचं वाचून मात्र बरं वाटलं.


५ एप्रिल

बाळा,

हे पत्र यांना माहीत नाही, तेव्हा उत्तर यांना लिहिताना जरा जपून.

बाहेर एकही नाही असं यांनी लिहिलं ते मी वाचलं. आहे एक. मी गजराचं घड्याळ पिशवीत घातलं आणि सरळ रस्ता ओलांडून गेले. हे एका गिऱ्हाइकाच्या पाठीचं माप घेत होते, तेवढ्यात.

घड्याळवाल्याने गजराचं झाकण काढलं, भिंग लावून बघितलं, झाकण लावलं. म्हणाला, "वहिनी, यात काही बिघाड नाही."

मी म्हटलं, "माहीत आहे."

मी गजर परत पिशवीत घातला. मग तुझ्या परीक्षेचं सांगितलं. त्याला ते बटण दाबून गाणी काढायचं काही कळलं नाही, पण सीडी म्हटल्यावर उठला. सगळं सामान बांधून झालंय, एक डबा तेवढा बाहेर होता, त्यातून काढली. भिंग पुसायच्या मऊ फडक्यात गुंडाळलेली. इतक्या वर्षांत लावली नाही एकदाही, लावायला त्याच्याकडे काही नाहीच.

मी विचारलं, "मग ठेवलीत कशाला?"

म्हणाला, "'दुपार' आहे ना त्यात."

परत पाठव हं. त्याच्या जाण्याच्या आधी पाठव. आणि लवकर बघ काय ते. हे आता जेवताना पण दाराकडे तोंड करून बसतात.

मामी


१३ एप्रिल

मामा,

नमस्कार. पावसापाण्याचं काही लिहीत नाही, तुम्हाला तेवढा धीर नाही आणि मलाही नाही. हे पत्र वाचताना हातात कात्री असली तर खाली ठेवा. बसा. उभे असाल तर समोर बघू नका, इकडे बघा.

एक सीडी मिळाली दुसऱ्या घरातली. कुणी पाठवली ते विचारू नका. मामीने पाठवलेली नाही.

मी ती आधी लाजऱ्याला दिली. मग जुळ्यांना. दोघांनी एकच उत्तर दिलं, ते बघून मालकीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हाताऱ्याला दिली. तो नेहमीसारखा कण्हत कण्हत निघाला, 'इस्त्री' झाली, 'सुईत दोरा' झाली, गिऱ्हाईक काही आलं नाही, आणि मग 'दुपार'. आम्ही पडद्याला नाक लावून बसलेलो. एक लाल रेघ नाही. टिकटिक नाही. मामा, मी तुम्हाला शपथेवर सांगतो, अख्खी धून आहे, आणि तिच्यात दोनच माणसं आहेत. घड्याळ नाही.

मालकीणबाईंनी ऐकू येणारा कान लावून दोनदा ऐकली आणि म्हणाल्या, "हा माउथ ऑर्गनवाला कोण? याला सांभाळायला पाहिजे."

तर मग आपल्या दहांना काय झालं, हे काही कळेना. मी त्या परत कव्हरांत भरत होतो. पट्टी दाबली, बटण लागलं, आणि मालकीणबाई म्हणाल्या, "थांब. काय वाजलं ते?" मला काही ऐकू आलं नव्हतं. त्यांचा एक कान काम करत नाही, पण दुसरा दोघांचं काम करतो. पुन्हा दाबलं. कच्च. सीडी काढून दिव्याखाली धरली. कडेजवळ नखाच्या कोरीएवढी एक रेघ. बाकीच्या नऊ काढल्या. नवांनाही, तिथेच. फडक्यातून आलेली तेवढी कोरी.

आता हे मला जसं समजावलं तसं सांगतो. सीडी आतून बाहेर वाचतात. पहिलं गाणं भोकाजवळ, शेवटचं कडेला. कव्हराचं बटण तोंडाशी, म्हणजे तेही कडेला. सीडी गोल फिरते. फिरता फिरता ती रेघ समोर आली की खोकं अडखळतं, टिक. पुन्हा फेरा, पुन्हा टिक. म्हणून ते घड्याळासारखं वाजतं. घड्याळच आहे म्हणा, पण ते तुमच्या बटणाचं आहे.

मी हे पत्र तीनदा लिहिलं. एकात दोष खोक्यांवर ढकलला होता, एकात छापणाऱ्यावर. मालकीणबाई म्हणाल्या, थापाड्या एकच पुरे आहे दुकानात. म्हणून हे पाठवतोय.

मामा, तुम्ही ते बटण जपण्यासाठीच लावलं होतं. घट्ट लावलं कारण तुम्हाला सैल काही चालत नाही. त्यात वाईट काही नव्हतं. पण समोरचा माणूस महिन्याअखेर चाललाय, आणि त्याने खिशात काही आणलं नव्हतं.

सोबत पेनड्राइव्ह आहे, त्यात स्वच्छ 'दुपार' आहे. ती सीडी मी वेगळ्या पाकिटातून, जिने पाठवली नाही त्या मामीच्या नावावर परत केली आहे, फडक्यासकट.

परीक्षेत म्हातारा पहिला आला. रेडिओवाल्यांचं कपाट येतंय. बंदरावर मी नाही म्हणून कळवलं.

तुमचा
भिंगरी


२३ एप्रिल

भिंगरी,

पत्र मिळालं.

ते बटण उत्तम प्रतीचं होतं. स्टीलचं. आजही बाजारात तसं मिळत नाही.

पेनड्राइव्ह कुठे घालायचा हे कळत नव्हतं. मामीने टीव्हीच्या मागे घातला. लागला.

शेवटी एका ठिकाणी तो एक सूर धरून थांबतो आणि मला पुढे जाऊ देतो. मग मागून येतो. वाजवताना मला वाटलं होतं की त्याचा श्वास संपला.

आज दुकान उघडलेलं नाही. याबद्दल पुन्हा लिहू नकोस.

मामा


१७ मे

भिंगरीस,

मी समोरचा घड्याळवाला. तू मला पाहिलंस तेव्हा तू माझ्या काउंटरखाली लपून दोन स्प्रिंगा गिळायच्या बेतात होतास. एक तुझ्या तोंडातून मीच काढली. दुसरी सापडली नाही. तू एका जागी टिकत नाहीस असं वहिनी म्हणतात, तर मला तीच शंका येते.

सीडी पोहोचली. तू काय शोधून काढलंस ते वहिनींनी सांगितलं. पण त्याबद्दल तुझ्या मामाने मला काही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. काय घडलं ते तुला कळवावं म्हणून लिहितो, कारण तो तुला कळवणार नाही हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे.

एप्रिलच्या शेवटी, माझं सामान न्यायला गाडी यायची होती त्याच्या आधी, तुझा मामा त्याच्या दारातून निघाला. कोपऱ्याकडे वळला नाही. सरळ आला. अर्ध्या रस्त्यात एक सायकलवाला घंटा वाजवत राहिला, तर त्यालाच ओरडला, "दिसत नाही का, माणूस चाललाय." आत आला. गळ्यात माप घ्यायची टेप होती. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिकडे थंडी असते म्हणे. कोट आहे का तुला?"

माझा कोट त्याच्या डोक्याच्या मागे खुंटीला टांगलेला होता. त्याने येताना तो बघितला होता. मी म्हटलं, "नाही."

मग त्याने माप घ्यायला सुरुवात केली. खांद्याचं घेतलं, छातीचं घेतलं, पुन्हा खांद्याचं घेतलं. मी म्हटलं, "खांदे तेवढेच आहेत, मघाचेच." त्यावर त्याने खिशातून टाचण्या काढून तोंडात धरल्या. माप घेताना टाचण्या लागत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलता येत नाही, आणि समोरच्यालाही वाटतं की नकोच बोलायला लावायला, गिळेल. तर असा तो सगळा वेळ टाचण्या धरून माझ्याभोवती फिरत होता. एकदा मानेचं माप घेताना टेप तशीच धरून बराच वेळ उभा राहिला. मी हललो नाही.

गाडी आली तेव्हा त्याने टाचण्या तोंडातच ठेवून गाडीवाल्याला हाताने परत जायला सांगितलं. माझी गाडी.

आठवड्याने पहिली ट्रायल झाली. मी रस्ता ओलांडून गेलो. पाठ सैल होती. ती आवळली तर काख आवळली. काख सोडवली तर कॉलर उठली. मी घड्याळवाला आहे, मला शिवण कळत नाही, पण इतका वाईट कोट इतका चांगला शिंपी चुकून शिवू शकत नाही एवढं मला कळतं. परवा एक बाई त्यांचा नवा झगा न्यायला आल्या होत्या. माझ्या अंगावरचा कोट बघून त्यांनी आपला झगा उलटापालटा करून दोनदा तपासला आणि मगच घरी नेला.

मुलीचा फोन येतो. "बाबा, कधी येताय?"

मी सांगतो, "कोट होऊ दे."

ती म्हणते, "इकडे विकत मिळतात की."

मी म्हणतो, "मापाचा नाही मिळत."

बांधलेली खोकी दाराशी होती, ती येताजाता पायाला लागायची, म्हणून दोन सोडली. घड्याळं खोक्यात किती दिवस ठेवणार, तेल सुकतं. चार भिंतीला लावून टाकलीत. तात्पुरती.

आज दुपारी तिसरी ट्रायल होती. वहिनींनी चहा ठेवला. तुझा मामा बाहीशी खूप वेळ झटत होता, डोकं खाली घालून. मग दोन पावलं मागे सरकून त्याने तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. मला वाटलं, आता बोलतो. तो म्हणाला, "बाही अजून बोटभर लांब आहे. पुढच्या आठवड्यात बघू."

बाही माझ्या मनगटावर अगदी बरोबर बसली होती. मी कोपर थोडं वाकवलं, खांदा जरा पाडला आणि म्हटलं, "हो, लांबच वाटते."

समोरचा,
घड्याळवाला